पार्श्वभूमी : अठराव्या शतकातली इंग्लिश इस्टेट आणि घरातला करारनामा

इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांच्या मेजवान्या आणि शिकारींची वर्णने पुष्कळ सापडतात. त्या घरात कोण कोणापुढे नमते घेणार, हे मात्र लग्नाआधी वकिलाने लिहिलेल्या कागदावर ठरे. जमीन वंशात बांधून ठेवण्याचा कायदा १२८५ चा. पंधराव्या शतकापर्यंत न्यायालयांनी त्याला पळवाटही दिली होती. पुढे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या काळात ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’ ही करारपद्धत आकाराला आली आणि अठराव्या शतकात बड्या घराण्यांत ती सर्रास झाली.

तिची मांडणी अशी : नवऱ्याला जमिनीवर फक्त हयातीपुरता हक्क, आणि त्याच्यामागे, अजून जन्मालाही न आलेल्या थोरल्या मुलाला वंशपरंपरेचा. मधल्या मधे बापाने जमीन फुंकू नये म्हणून विश्वस्त. बायकोला वैधव्यात वार्षिक रक्कम, म्हणजे ‘जॉइंचर’; धाकट्यांना एकरकमी ‘पोर्शन’. वधूने आणलेल्या दर हजार पौंडांमागे सुमारे शंभर पौंड जॉइंचर, हा रूढ दर.

पण कायदा जमीन कायमची बांधू देत नसे, म्हणून दर पिढीत नवा करार लागे. इथेच खरी मेख आहे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बापाच्या सहकार्याने ‘रिकव्हरी’ नावाचा लुटुपुटीचा दावा लावून बंधन मोडता येई. या दाव्यात न्यायालयाच्या पुकारेवाल्याला जमिनीचा हमीदार म्हणून उभे करत; तो गैरहजर राही, आणि निकाल हवा तसा लागे. बाप जिवंत असताना मुलाला हे एकट्याने पुरते साधत नसे. बापाच्या हाती पैसा, मुलाच्या हाती सही. वार्षिक तनखा घेऊन मुलगा नव्या करारावर सही करी आणि स्वतःही हयातीपुरता मालक होऊन बसे. बाप आधीच वारला, तर मात्र सज्ञान मुलगा एकटाच बंधन तोडून विकायला मोकळा.

दुसरा धोका बोज्याचा. समजा, खंड वर्षाला २,००० पौंड. आईचे जॉइंचर ५०० पौंड. भावंडांच्या पोर्शनसाठी १०,००० पौंडांचे गहाण, त्यावर १७१४ नंतरच्या कमाल कायदेशीर दराने, म्हणजे ५ टक्क्यांनी, ५०० पौंड व्याज. निम्मे उत्पन्न तिथेच संपले. आजीही हयात असेल तर दुसरे जॉइंचर.

या व्यवस्थेने धाकट्यांना तारले की मुलींना डावलले, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. पोर्शनची हमी खरीच; पण मुलगा नसेल तर सामान्य कायद्याने जमीन मुलींना मिळाली असती, आणि करार ती अनेकदा काका-चुलतभावाकडे वळवत असे. आई-बापांची माया कितीही असो, हे पारडे मुलींच्या विरुद्धच जाते.

धाकट्या मुलांची गत शिकारीच्या कायद्यातही दिसते. १६७१ च्या कायद्याने शिकारीसाठी वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन लागे. ‘एस्क्वायर’ (सरदारांखालचा एक मानाचा दर्जा) आणि त्याहून वरच्या दर्जाच्यांच्या वारसदार पुत्राला सूट होती, धाकट्याला नव्हती. त्याने सैन्यात किंवा चर्चमध्ये जावे, ही अपेक्षा. १७५३ च्या विवाह कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना परवान्याने लग्न करायला पालकांची संमती सक्तीची केली. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता; मग पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडची हद्द गाठू लागली. बाकी घराचे वर्ष खंडाच्या तारखांवर चाले : २५ मार्च आणि २९ सप्टेंबर.

‘रिकव्हरी’ १८३३ मध्ये रद्द झाली. १८७० च्या दशकापासून शेतमालाचे भाव कोसळले, खंड थकले, आणि हयातीपुरत्या मालकाला ना सहज विकता येई ना दुरुस्तीला सहज पैसा उभारता येई. १८८२ च्या कायद्याने त्याला विक्रीचा अधिकार दिला. पैसे विश्वस्तांकडे किंवा न्यायालयात जमा व्हायचे. त्याच वर्षी विवाहित स्त्रियांना स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क मिळाला. १८९४ मध्ये नवा वारसा कर आला, तर १९२५ च्या कायद्यांनी मृत्युपत्राविना थोरल्यालाच जमीन जाण्याचा नियम संपवला. १८८२ मध्ये शेते सुटली, तरी मुख्य हवेली विकायला विश्वस्तांची संमती किंवा न्यायालयाचा हुकूम लागतच होता.