दाबून बघा, मग घ्या

टोचलेल्या लोकरीच्या वस्तू घेणाऱ्यांसाठी आणि हे काम शिकायला येणाऱ्यांसाठी

"एवढंसं पाखरू आणि साडेसहाशे? काय ओ हे?"

दुकानात पाय ठेवल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे. आम्ही लगेच उत्तर देत नाही. चिमणी तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, अंगठ्याने दाबून बघा. मग शिकाऊ हाताची एक चिमणी कपाटात मुद्दाम ठेवलेली आहे, ती देतो. दिसायला दोन्ही सारख्याच. पण एक जुन्या रबरी चेंडूसारखी लागते आणि दुसरीत अंगठा रुततो. किमतीतला फरक त्या अंगठ्याखाली आहे. बाकी सगळं त्याचाच खुलासा.

हे काम आहे तरी काय

याला नीडल फेल्टिंग म्हणतात. आम्ही आपसात टोचकाम म्हणतो. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या, माग असलेल्या घरांतल्या बायका शिकायला येतात, त्यांना सुरुवातीला मोठं कोडं पडतं. उभा धागा नाही, आडवा नाही, मुळात धागाच नाही. पिंजलेली मोकळी लोकर घ्यायची, गुंडाळायची आणि सुईने टोचत राहायची.

ही सुई शिवणाची नव्हे. तिला नेढं नसतं. लांबी तीन-साडेतीन इंच, वरचं टोक काटकोनात वळवलेलं, खालचा भाग तीनधारी. त्या धारांवर बारीक खाचा असतात. डोळ्याला जेमतेम दिसतात, पण सुई नखावरून हळूच सरकवली की कळतात. सुई आत जाताना खाचा वरचे केस ओढून नेतात आणि बाहेर येताना रिकाम्या येतात. लोकरीच्या प्रत्येक केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यामुळे आत गेलेले केस एकमेकांत अडकून बसतात, सहजी मागे सरत नाहीत. असं शेकडो वेळा झालं की कापसासारखा फुगलेला गोळा आवळत जातो.

या सुया खरं तर कारखान्यासाठी. हजारो सुया बसवलेला पाटा लोकरीवर वरखाली आपटायचा आणि जाड थर तयार करायचा, हे मशीनचं काम. त्यातली एकच सुई हातात धरून छोट्या आकृत्या घडवायची सुरुवात १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात डेव्हिड आणि एलेनॉर स्टॅनवूड या जोडप्याने केली, असं मानलं जातं. म्हणजे कला म्हणून हे नवंच. पण लोकर न विणता घट्ट करणं आपल्या भागाला नवं नाही. घरात जुनं जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, असेल तर काढून बघा. घोंगडं मागावर होतं, जेन मागावर होत नाही. लोकरीचे थर पसरून, साबण-पाणी मारून, मळून मळून ते करतात. आमचं काम त्याचंच कोरडं भावंड.

लोकर कुठली

दोन प्रकारची. गाभा दख्खनी लोकरीचा, वरचा रंग मेरिनोचा.

दख्खनी लोकर आम्ही चिकोडी-रायबागकडच्या धनगर-कुरुबरांकडून घेतो. केस जाड, मेरिनोच्या दीडपटीहून जाड, आणि बहुतेक काळा नाहीतर करडा. अंगाला टोचते म्हणून शाल-स्वेटरला कोणी विचारत नाही. घोंगड्याची मागणी घटली तशी ही लोकर पडून राहायला लागली; कातरणीचीही मजुरी निघत नाही म्हणून माळावर टाकून देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आम्ही घेतो ती काही पोती. त्याने कुणाचा संसार चालत नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगा. पण टोचकामाला ही लोकर फार गुणी. जाड केस सुईला चटकन सापडतो आणि गाभा लवकर आवळतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, मिळाली तर ती वेगळी ठेवतो. म्हशीच्या कानाला, बैलाच्या वशिंडाला जी मऊ झाक दिसते ती जावळाची.

मेरिनो बाहेरून, रंगवून आलेली घेतो. ती विंचरलेली असते, म्हणजे सगळे केस एका दिशेला. दिसायला रेशीम, टोचायला हट्टी. म्हणून गाभ्याला मेरिनो वापरायची चूक करू नका. आम्ही केली आहे. लोकरही महाग आणि वेळही दुप्पट.

बैलाचा पाय

आता आमचीच फजिती सांगतो, म्हणजे 'दाबून बघा' हे कुठून आलं ते कळेल.

पहिल्या वर्षी कर्नाटकी बेंदराला आम्ही बैलजोड्या केल्या. मातीचे बैल कुंभाराकडे मिळतातच, पण ते पावसापाण्यात फुटतात, पुढच्या वर्षाला उरत नाहीत. लोकरीची जोडी उरेल, असं वाटलं. झुली, शिंगांना गोंडे, सगळं देखणं झालं. ज्येष्ठी पौर्णिमेला संध्याकाळी एका काकूंचा फोन आला. पाटावर ठेवून ओवाळताना सुनेचा पदर लागला आणि उजव्या बैलाचा पुढचा पाय पुरणपोळीच्या ताटात पडला. काकू हसत होत्या. आम्ही नाही.

बैल परत आणून कात्रीने उभा चिरला. वरची दोन-तीन सूत साल टणक, आत नुसता भुसभुशीत कापूस. आम्ही पहिल्यापासून ४० नंबरची बारीक सुई वापरली होती. हिशेब उलटा असतो, नंबर वाढेल तशी सुई बारीक. बारीक सुईने वरचं अंग लवकर गुळगुळीत होतं आणि काम झाल्यासारखं दिसतं. आत काहीच झालेलं नसतं. गाभ्याला ३६ नंबरची जाड सुई, खोलवर. मग आकाराला ३८. आणि शेवटचा हात ४० चा, अगदी वरवर. हा क्रम तेव्हा कळला.

दुसरी चूक पायाची. पाय वेगळा करून जोडायचा असतो. त्याचं वरचं टोक टोचायचं नाही, लोकर तशीच मोकळी, फुललेली ठेवायची. ती फुललेली लोकर पोटावर पसरून चारी बाजूंनी आत टोचली की पाय पोटाचाच होतो. आम्ही पाय टोकापर्यंत घट्ट केला होता. घट्टाला घट्ट चिकटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक बैल विकण्याआधी शिंगाला धरून उचलून झटकला जातो. तुम्हीही झटका. संकोच करू नका.

शिकायला येणार असाल तर

वर्ग रविवारी सकाळी १० ते १. एका वेळी ६ जण, जास्त नाही, कारण प्रत्येकाच्या बोटांकडे लक्ष ठेवावं लागतं. फी ७०० रुपये, त्यात ४० ग्रॅम लोकर, ३ सुया आणि टोचायची गादी. शिकवणं मराठीत, मध्येच कानडी येतं, सुईला सूजी आणि लोकरीला उण्णे म्हणणाऱ्या अक्काही वर्गात असतात. कुणाचं काही अडत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांना घेत नाही. ही सुई बोटात गेली तर खाचांमुळे जास्त दुखवते. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं.

पहिल्या दिवशी फक्त चेंडू करायचा. पुष्कळांचा हिरमोड होतो. फोटोत बघितलेलं मांजर त्याच दिवशी हवं असतं. पण चेंडू जमला नाही तर मांजराचं डोकं जमत नाही. ५-६ ग्रॅम लोकर घ्या, पोळीच्या गुंडाळीसारखी घट्ट वळा, आणि टोचा. सुई ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत बाहेर काढायची. आत असताना वाकवली की कट्‌ असा आवाज येतो आणि टोक चेंडूत राहतं. मग ते शोधायला अर्धा तास. पहिल्या दिवशी निदान एक सुई मोडतेच, म्हणून तीन देतो.

आणि गोळा फिरवत राहा. एकाच जागी टोचलं की खळगा पडतो, खळगा भरायला आणखी लोकर लावावी लागते, मग शेजारी खळगा. सुरुवातीला प्रत्येक टोच्याला करकर ऐकू येते, ताज्या मेथीची जुडी मुठीत दाबल्यासारखी. गोळा आवळत आला की ती बसकी होत जाते आणि सुईला बोटाचा जोर जास्त लागतो. कानावर आणि बोटावर विश्वास ठेवा, डोळा फसवतो. फुगलेला नारळाएवढा गोळा शेवटी लिंबापेक्षा थोडा मोठा उरतो, हे पाहून "आमची लोकर गेली कुठे?" असं विचारणारे दरवेळी भेटतात.

गादी म्हणून जाड फोम चालतो, पण तो महिन्या-दोन महिन्यांत चाळण होतो आणि त्याचे कण लोकरीत येतात. गोणपाटाची छोटी पिशवी तांदळाने गच्च भरा, वर्ष काढते. त्यासाठी बेळगाव बासमती नको, कणी पुरे.

घरबसल्या पैसे मिळतील का

हा दुसरा नेहमीचा प्रश्न, आणि याला गोड उत्तर द्यायची आमची इच्छा नाही. आमच्या मोठ्या बैलजोडीचा हिशेब बघा. विक्री १,४०० रुपये. लोकर, सुया, तार मिळून १८०. उरले १,२२०. सरावलेल्या हाताला १० तास. म्हणजे तासाला १२२, आणि त्यातून दुकानाचं भाडं आणि खोकी. नवशिक्याला तीच जोडी २० तास खाते. वर्षभर एकसारखी मागणीही नसते. बेंदूर, गणपती, दिवाळी सोडली तर महिनेच्या महिने थंड. मान खाली घालून बसल्याने खांदा धरतो ते वेगळंच. शिवणाचा, ब्लाउजचा चालू धंदा असेल तर तो या नादात सोडू नका. जोडीला करा. ज्यांचा हात खरोखर घट्ट झाला आहे अशा चौघींना आम्ही काम देतो, नगावर, रोख.

घरी नेल्यावर

धुवायची नाही. धूळ बसली तर मऊ ब्रश. चहा सांडला तर गार पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने टिपा, चोळू नका; गरम पाणी आणि चोळणं मिळून लोकर आणखी आवळते आणि चिमणीचं तोंड वाकडं होतं. बैल विसर्जन करू नका, बापडे तरंगतात.

खरा शत्रू कसर. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातले चामड्याचे पट्टेसुद्धा बुरसतात, तिथे अंधारात बंद ठेवलेली लोकर म्हणजे कसरीला आयती पंगत. वस्तू उघड्यावर, हाताळती ठेवा. ट्रंकेत घालायचीच असेल तर आधी दोन दिवस कडक ऊन द्या, वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका आणि महिन्यातून एकदा उघडून झटका. भोकं दिसली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरातल्यांना मात्र आधी सांगून ठेवा, आमच्या एका ताईंच्या सासऱ्यांनी रात्री आइस्क्रीम शोधताना घुबड बाहेर काढलं होतं.

दुरुस्ती आमच्याकडेच करून मिळते. शिंग, कान, शेपूट यांचे पैसे नाहीत. पाय निसटला तर तो आमचा दोष, बदलून देऊ. कुत्र्याने चावलं तर ५० रुपये. बेंदराआधी दुरुस्त करून हवी असेल तर जोडी वटपौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी आणून द्या, दोन्ही सणांचा दिवस एकच. ऐनवेळी आणली तर एकच बैल पाटावर बसेल.