आयईसीच्या ऑटोमेशन मानकांवर ठाणे-बेलापूर पट्ट्यातून सूचना कशी पाठवावी: पात्रता, कागदपत्रे आणि मतदानाचे टप्पे

रबाळे, महापे, पावणे किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात थर्मोकपल, पीटी-१०० (हे दोन्ही तापमान मोजणारे संवेदक), कंट्रोल व्हॉल्व्ह, पीएलसी (यंत्रांचे नियंत्रण करणारा संगणक) आणि मोजलेले मूल्य वाहून नेणारा चार ते वीस मिलिअँपिअरचा सिग्नल रोज हाताळणाऱ्या अभियंत्याला हे माहीत असते की या प्रत्येकामागे आयईसीचे मानक आहे. अनुक्रमे ६०५८४, ६०७५१, ६०५३४, ६११३१ आणि ६०३८१. त्या मानकांचा मजकूर ठरत असताना आपल्यालाही लेखी मत देता येते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते, आणि म्हणूनच ही माहिती सविस्तर देत आहे.

आयईसी म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग. तो १९०६ साली स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. औद्योगिक प्रक्रियांचे मापन, नियंत्रण आणि ऑटोमेशन हा विषय त्याच्या तांत्रिक समिती ६५ कडे आहे. तिच्या ६५ए, ६५बी, ६५सी आणि ६५ई या उपसमित्या अनुक्रमे यंत्रणेची सर्वसाधारण अंगे, मापन व नियंत्रण उपकरणे, औद्योगिक नेटवर्क आणि उपकरणांचे उद्योगाच्या इतर यंत्रणांशी एकत्रीकरण यांचे काम पाहतात. आयईसीत सदस्यत्व देशाचे असते, कंपनीचे नसते. भारताचे प्रतिनिधित्व भारतीय मानक ब्युरो करतो आणि समिती ६५ च्या कामाशी जुळणारी ब्युरोची समिती ईटीडी १८ ही आहे. थेट जिनिव्हाला पत्र पाठवण्याने काही साधत नाही. आपला मार्ग ब्युरोमधूनच जातो.

सहभागाचे तीन स्तर आहेत. पहिला, मसुद्यावर सूचना देण्याचा, सर्वांसाठी खुला आहे. मतदानासाठी निघालेला समिती-मसुदा, ज्याला सीडीव्ही म्हणतात, आयईसीच्या सार्वजनिक अभिप्राय सुविधेवर नाव नोंदवून वाचता येतो आणि त्यावरची सूचना आपल्या देशाच्या राष्ट्रीय समितीकडे जाते. ती पुढे पाठवायची की नाही, हे ती समिती ठरवते. दुसरा स्तर ईटीडी १८ च्या सदस्यत्वाचा आहे. तेथे उत्पादक, वापरकर्ते, प्रयोगशाळा, संशोधन व शिक्षण संस्था, नियामक आणि उद्योग संघटना यांचे प्रतिनिधी घेतले जातात, जेणेकरून एकाच बाजूचे वर्चस्व राहू नये. त्यामुळे रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातील माणूस ‘वापरकर्ता’ या नात्याने जातो, आणि माझ्या मते या बाजूची माणसे समितीत जितकी हवीत तितकी येत नाहीत. तिसरा स्तर आयईसीच्या कार्यगटातील तज्ज्ञाचा. त्याला राष्ट्रीय समिती नामनिर्देशित करते, परंतु कार्यगटात तो स्वतःच्या तांत्रिक ज्ञानावर बोलतो, देशाचा किंवा कंपनीचा मुखत्यार म्हणून नव्हे.

कागदपत्रे मोजकीच लागतात. सदस्यत्वासाठी संस्थेच्या लेटरहेडवर, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचे नामनिर्देशन पत्र तयार ठेवावे. त्यात मुख्य प्रतिनिधी आणि पर्यायी प्रतिनिधी अशी दोन नावे, त्यांची पदे व संपर्क द्यावा. सोबत प्रत्येकाचा बायोडेटा जोडावा. बायोडेटात पदव्यांपेक्षा कामाचा तपशील महत्त्वाचा: किती लूप (मापन-नियंत्रणाच्या साखळ्या) कमिशन केले, म्हणजे चालू करून दिले, कोणत्या धोक्याच्या प्रक्रियेवर सुरक्षा शटडाऊन यंत्रणा सांभाळली, कॅलिब्रेशनचा किती वर्षांचा अनुभव आहे. अर्ज ब्युरोच्या मानक-पोर्टलवरून करावा. लहान कारखान्याला स्वतःचा माणूस बैठकीला पाठवणे जड जात असेल, तर परिसरातील उद्योग संघटनेने आपल्या सभासदांच्या वतीने एक प्रतिनिधी सुचवणे अधिक व्यवहार्य ठरते.

सूचना लिहिण्याचा नमुना ठरलेला आहे आणि यश-अपयश बहुतेक तेथेच ठरते. प्रत्येक सूचनेसाठी कलमाचा क्रमांक, परिच्छेद किंवा तक्ता, सूचनेचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), सूचना आणि सुचवलेला बदल असे रकाने असतात. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. उदाहरण म्हणून आयईसी ६०६५४ घेऊ, जे मापन-नियंत्रण उपकरणांच्या कार्यपरिस्थितीविषयी आहे आणि ज्याचा चौथा भाग, म्हणजे गंजकारक व झिजवणाऱ्या परिणामांचा, १९८७ साली निघाला. खाडीकाठच्या पट्ट्यात पावसाळ्यात ट्रान्समीटरच्या (मोजमाप सिग्नलच्या रूपात पाठवणाऱ्या उपकरणाच्या) जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते, हवेत आम्लाचे अंश असतात, टर्मिनल हिरवे पडतात आणि रीडिंग सरकू लागते. ‘दमट हवामानाचा विचार व्हावा’ एवढेच लिहिले, तर समितीला त्यावर काहीही करता येत नाही. त्याऐवजी अमुक तक्त्यातील अमुक वर्गात कोणती मर्यादा बदलावी, त्या जागी नेमका कोणता शब्द किंवा आकडा यावा आणि आपल्याकडच्या देखभालीच्या नोंदी ते कसे दाखवतात, हे तीन-चार वाक्यांत मांडावे. ओळीओळीची नोंद ठेवणाऱ्या तंत्रज्ञाचे रजिस्टर येथे मोठ्या भाषणापेक्षा उपयोगी पडते.

आता टप्पे. नव्या कामाचा प्रस्ताव मंजूर होण्यासाठी मतदान करणाऱ्या सक्रिय सदस्य देशांपैकी (म्हणजे समितीच्या कामात व मतदानात भाग घेण्याचे स्वीकारलेल्या देशांपैकी) दोन-तृतीयांश देशांचा पाठिंबा लागतो. शिवाय सक्रिय सदस्य सोळा किंवा त्याहून कमी असतील तर किमान चार देशांनी, अधिक असतील तर किमान पाच देशांनी तज्ज्ञ देण्याची तयारी दाखवावी लागते. त्यानंतर सीडीव्हीच्या आधीचा समिती-मसुदा फिरतो, ज्यावर अभिप्रायासाठी आठ, बारा किंवा सोळा आठवडे मिळतात. मग सीडीव्ही येतो. त्याची मुदत बारा आठवड्यांची. मंजुरीसाठी सक्रिय सदस्यांचे दोन-तृतीयांश मत अनुकूल हवे आणि एकूण मतांपैकी विरोधी मते एक-चतुर्थांशाहून अधिक नसावीत. ही मुदत ब्युरोसाठी असते, आपल्यासाठी नव्हे. ब्युरोला सर्वांच्या सूचना एकत्र करून भारताचे एकच मत पाठवायचे असते, म्हणून आपली सूचना शेवटच्या तारखेच्या किमान दोन-तीन आठवडे आधी पोहोचवावी.

अंतिम मसुद्याला, एफडीआयएसला, सहा आठवडे असतात, पण तेथे होकार किंवा नकार एवढेच मत द्यायचे असते. नवी तांत्रिक सूचना त्या टप्प्यावर स्वीकारली जात नाही, आणि सीडीव्ही तांत्रिक बदलाविना मंजूर झाल्यास हा टप्पाच गाळला जातो. म्हणून सीडीव्हीची वेळ चुकवू नये. प्रत्येक सूचनेपुढे समितीने काय ठरवले, ती स्वीकारली, अंशतः स्वीकारली की नाकारली, हे संकलित अभिप्रायांच्या कागदात लिहिलेले असते. नाकारलेल्या सूचनेचे कारण वाचून, आपल्या नोंदींची जोड देऊन, तीच सूचना मानकाच्या पुढील सुधारणेसाठी ईटीडी १८ कडे पुन्हा मांडता येते.