न वाचलेल्या कादंबरीला ०.७० गुण

कादंबरी वाचावीशी वाटते, पण आपल्याला नेमके काय आवडते हेच ठाऊक नाही, अशी अडचण सांगणाऱ्याला बहुधा दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे ‘आयुष्यात वाचलीच पाहिजेत’ अशा शंभर पुस्तकांची यादी, आणि दुसरा म्हणजे आधी स्वतःची आवड नीट ओळखण्याचा उपदेश. अलीकडे त्यांत राशीनुसार सुचवलेल्या पुस्तकांचीही भर पडली आहे. वृश्चिकेच्या माणसाने रहस्यकथा वाचावी आणि कर्केच्या माणसाने कौटुंबिक कादंबरी. जन्मराशीवरून वाङ्मयीन रुची कळत असती, तर ग्रंथपालांनी सभासदत्वाच्या अर्जावर जन्मवेळेचा रकाना केव्हाच छापला असता. त्यामुळे हा तिसरा सल्ला बाजूला ठेवू. दुसरा मात्र शहाणपणाचा वाटतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

आवड आपल्या आत तयार असते, फक्त अंतर्मुख होऊन ती वाचायची असते, असे त्या उपदेशाचे गृहीतक आहे. टिमथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरी जॅमचे पाच नमुने चाखायला दिले होते. काहींनी नुसते चाखून गुण दिले. काहींना मात्र प्रत्येक नमुना का आवडला किंवा का आवडला नाही, याची कारणे आधी लिहून काढायला सांगितली. जाणकार परीक्षकांनी लावलेल्या क्रमाशी पहिल्या गटाच्या मतांचा सहसंबंध (पूर्ण जुळणीला १, मुळीच जुळणी नसल्यास ०) ०.५५ इतका निघाला, तर कारणे लिहिणाऱ्यांचा केवळ ०.११. शब्दांत सहज मांडता येणारी कारणे खऱ्या कारणांची जागा घेतात, असा याचा अर्थ लावला गेला. जॅमवरून कादंबरीविषयी फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही ज्याने आठ-दहा कादंबऱ्यादेखील वाचलेल्या नाहीत, त्याने स्वतःच्या आवडीविषयी चिंतन करत बसण्यापेक्षा वाचून पाहणे बरे, इतके म्हणायला हरकत नाही. मग खरा प्रश्न उरतो तो वाचून कोणत्या क्रमाने पाहावे हा, आणि तो मानसशास्त्राचा नसून गणिताचा आहे.

या गणिताची सुरुवात १९३३ साली विल्यम थॉम्पसन यांनी केली. दोन उपचारांपैकी कोणता अधिक गुणकारी आहे हे माहीत नसताना पुढच्या रुग्णाला कोणता द्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. १९५२ साली हर्बर्ट रॉबिन्स यांनी त्याला आज प्रचलित असलेले रूप दिले. जुगारघरात दांडा ओढण्याची अनेक यंत्रे आहेत, प्रत्येकाची जिंकून देण्याची शक्यता वेगळी आहे आणि ती आपल्याला माहीत नाही. प्रत्येक वेळी एकच दांडा ओढायचा आहे. आतापर्यंत उत्तम ठरलेलाच ओढत राहावे, की न ओढलेले धुंडाळावे? यंत्राच्या जागी कादंबरीचा प्रकार किंवा एखादा लेखक ठेवा आणि जिंकण्याच्या जागी ‘आवडली’ ही नोंद ठेवा, की वाचकाचा प्रश्न तयार होतो.

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने दोस्त राष्ट्रांच्या गणितज्ञांची डोकी इतकी शिणवली, की बौद्धिक घातपाताचे अंतिम शस्त्र म्हणून हा प्रश्न जर्मनीवर टाकावा अशी सूचना पुढे आली होती, अशी आठवण गणितज्ञ पीटर व्हिटल यांनी पुढे सांगितली. त्याचे देखणे उत्तर १९७०च्या दशकात जॉन गिटिन्स यांनी शोधले. सगळी यंत्रे एकमेकांशी ताडत बसायचे कारण नाही. प्रत्येक यंत्राचा केवळ त्याच्या स्वतःच्या इतिहासावरून एक निर्देशांक काढावा आणि ज्याचा सर्वांत मोठा असेल त्याचा दांडा ओढावा, हेच इष्टतम धोरण आहे, असे त्यांनी सिद्ध केले. हा निर्देशांक कसा निघतो हे थोडे सावकाश पाहू, कारण या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

समजा, एखादा प्रकार आपण मुळीच वाचलेला नाही. त्यातली कादंबरी आवडण्याची शक्यता ० ते १ यांमध्ये कितीही असू शकते आणि सर्व किमती सारख्याच संभवनीय मानल्या, तर सरासरी अपेक्षा ०.५ येते. पहिली कादंबरी आवडली तर गणितज्ञ लाप्लास यांच्या नियमाप्रमाणे (आवडलेल्यांत एक आणि वाचलेल्यांत दोन मिळवून भागाकार करायचा) ही अपेक्षा २/३ होते आणि न आवडल्यास १/३ वर उतरते. आता या अज्ञात प्रकाराची तुलना अशा एका परिचित प्रकाराशी करू, ज्यातली कादंबरी आवडण्याची शक्यता ‘क’ आहे आणि ती आपल्याला पक्की माहीत आहे. शिवाय पुढच्या प्रत्येक पुस्तकाच्या आनंदाचे मोल आधीच्याच्या ०.९ पट धरू. म्हणजेच प्रत्येक पुस्तकानंतर वाचन सुटण्याची शक्यता एक दशांश आहे असे मानू. १ + ०.९ + ०.८१ + … या श्रेणीची बेरीज १० होते, म्हणून परिचित प्रकारच वाचत राहिल्यास एकूण आनंद १०क मिळेल. उलट अज्ञात प्रकारातले एक पुस्तक वाचून पाहिले, आवडल्यास तोच प्रकार धरला आणि न आवडल्यास परत फिरलो, तर एकूण आनंद ०.५ + ०.९ × (१/२ × २/३ × १० + १/२ × १०क), म्हणजेच ३.५ + ४.५क इतका होतो. दोन्ही बाजू समान धरल्या की क = ०.६३६ मिळतो.

म्हणजे सरासरी अपेक्षा निम्मीच असलेला अनोळखी प्रकार ०.६३ खात्रीच्या ओळखीच्या प्रकारापेक्षाही सरस ठरतो. याचे कारण असे, की तोटा एका पुस्तकापुरता मर्यादित असतो, कारण परत फिरण्याची मुभा आहे. लाभ मात्र पुढे चालूच राहतो. आपण केवळ एका चाचणीची मुभा धरली होती. हव्या त्या टप्प्यावर परत फिरण्याची पूर्ण मुभा धरून हेच गणित केले, तर ०.७०२९ हा आकडा येतो. अज्ञात प्रकार ज्या ‘क’च्या तोडीस तोड ठरतो ती ही किंमत, आणि तोच त्याचा गिटिन्स निर्देशांक होय.

या निर्देशांकांचे कोष्टक वाचकाला फार शिकवून जाते. एक कादंबरी आवडलेल्या प्रकाराचा निर्देशांक ०.८००१, तर एक नावडलेल्याचा ०.५००१. एक आवडली आणि एक नावडली असेल तर सरासरी पुन्हा ०.५ येते, परंतु निर्देशांक ०.६३४६ असतो, म्हणजे अज्ञात प्रकाराहून कमी, कारण अनिश्चितता घटली की आशेलाही थोडी कात्री लागते. सहापैकी चार कादंबऱ्या आवडलेल्या प्रकाराचा निर्देशांक ०.६९९६ आहे. माझ्या मते हा या कोष्टकातला सर्वांत चमत्कारिक आकडा आहे: दोन-तृतीयांश वेळा यश देणाऱ्या परिचित प्रकारालाही संपूर्ण अनोळखी प्रकार केसाच्या अंतराने मागे टाकतो. आणि पुढच्या पुस्तकाचे मोल ०.९ ऐवजी ०.९९ पट धरले, म्हणजे वाचन दीर्घकाळ चालणार असे मानले, तर अज्ञाताचा निर्देशांक ०.८७ पर्यंत चढतो. बदली होऊन नव्या गावी आलेल्या माणसाने पहिल्या महिन्यात सगळ्या खानावळी पालथ्या घालाव्यात आणि शेवटच्या महिन्यात आवडीचीच धरावी, तसे हे आहे.

यात एक अट दडलेली आहे: वाचून पाहण्याचा खर्च कमी हवा. चारशे रुपयांची कादंबरी विकत घेऊन प्रयोग करणे आणि वाचनालयातून आणणे यांचे गणित एकच नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे मे २०१७ मध्ये सुरू झालेले ‘पुस्तकांचे गाव’ या दृष्टीने मला फार आवडते. सुरुवातीला तिथल्या २५ ठिकाणी मराठी पुस्तके साहित्यप्रकारानुसार विभागून ठेवली गेली; दार बदलले की प्रकार बदलतो, आणि चाळून पाहायला पैसे पडत नाहीत.

कादंबरी अर्धवट केव्हा सोडावी, याचाही एक नियम प्राणिशास्त्रात सापडतो. एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ साली असे मांडले, की चारा शोधणाऱ्या प्राण्याने एका झुडपातून मिळणाऱ्या अन्नाचा दर परिसराच्या सरासरी दराइतका खाली आला की, पुढच्या झुडपापर्यंत जाण्याचा वेळही हिशेबात धरून, ते झुडूप सोडावे. हाताशी अख्खे वाचनालय असणाऱ्याने लवकर सोडावे आणि रात्रीच्या रेल्वेत एकच पुस्तक असणाऱ्याने नेटाने वाचावे, असा त्याचा अर्थ होतो. मात्र झुडपातले अन्न कमीकमी होत जाते, तर काही चांगल्या कादंबऱ्या पहिली साठ पाने काहीच देत नाहीत. त्यांना हा नियम जसाच्या तसा लावू नये.

खपाच्या याद्यांबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली आणि त्यांतील बहुतेकांना आठ स्वतंत्र ‘जगां’त विभागून त्या-त्या जगातल्या इतरांची पसंती दाखवली. सर्वोत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, परंतु मधल्या गाण्यांचे यश जगागणिक बदलले. कादंबऱ्यांचे याहून निराळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

गिटिन्स यांच्या सिद्धतेत एक गृहीतक आहे: न ओढलेले यंत्र बदलत नाही. वाचकाची आवड मात्र न वाचताही बदलते. अशा ‘अस्वस्थ’ यंत्रांचा विचार व्हिटल यांनी १९८८ साली केला. त्यांच्यासाठी अचूक इष्टतम उत्तर काढणे व्यवहारतः अशक्यप्राय कठीण आहे, असे पुढे सिद्ध झाले. तेव्हा जुन्या नोंदींचे वजन काळाबरोबर उतरवत जाणे एवढेच हाती राहते. पंधराव्या वर्षी ऐतिहासिक कादंबरी दोनदा नावडली असेल, तर तिचा निर्देशांक तेव्हा ०.३८ होता, पस्तिशीत तो पुन्हा ०.७०च्या आसपास धरायला हवा, आणि सहापैकी चारवेळा आवडलेल्या प्रकाराच्या पुढे तिची पाळी लावायला हवी.