‘स्कोअर ३’ म्हणजे आशा संपली, असे नव्हे
मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर-धुळे पट्ट्यात अपघात झाला की ‘स्कोअर ३ आहे, आता हलवून उपयोग नाही’ असे अजूनही बोलले जाते. हा समज घातक आहे. हा स्कोअर जखमी किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या, १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा स्केलचा असतो; त्यात डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना किमान १-१ गुण मिळतोच, म्हणून ३ हा तळाचा आकडा असला तरी तो मृत्यूचा दाखला नाही. दारू, गुंगीचे औषध, घसरलेला रक्तदाब किंवा श्वासनलिकेतील नळी यांमुळेही गुण घटतात आणि उपचारांनंतर ते वाढू शकतात. रक्तदाब व श्वासगतीही मोजणारा रिवाइज्ड ट्रॉमा स्कोअर सांगतो ती अनेक रुग्णांवरून काढलेली शक्यता; समोरच्या एकाचे भवितव्य नव्हे. कमी गुणांच्या जखमीलाच धुळे-जळगावच्या मोठ्या रुग्णालयात लवकर पोहोचवणे अधिक निकडीचे असते.