माळावरची कुत्री आणि थांबलेली शिकार : सातारा-सांगलीतील पार्श्वभूमी

माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातल्या एखाद्या माळावर सशामागे कुत्री सोडणाऱ्यांवर वनविभागाने गुन्हा दाखल केला, की त्या गावात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. आम्ही बंदूक चालवली नाही, नुसती कुत्री पळवली, मग गुन्हा कसला, ही पहिली; आणि हे तर आमच्या आज्या-पंज्यापासून चालत आले आहे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे आणि ते पुढे येईलच. दुसरे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे, आणि ते कोणत्या अर्ध्यापुरते खरे आहे हे समजून घ्यायचे असेल तर या दोन जिल्ह्यांत कुत्रा, शिकारी आणि सत्ता यांचे नाते कसकसे बदलत गेले ते पाहावे लागते.

दोन जिल्हे म्हणायचे ते आजच्या सोयीसाठी. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्याआधीचा बराचसा इतिहास एकच आहे. खरी विभागणी उत्तर-दक्षिण नसून पूर्व-पश्चिम आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेला माणदेश पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर भागवतो. पश्चिमेला कोयना-वारणेच्या खोऱ्यांतले दाट रान, पूर्वेला कुसळी गवताचा उघडा माळ. या फरकानेच दोन्हीकडचे कुत्रे वेगळे घडवले. दाट रानात जनावर दिसत नाही, त्यामुळे तिथे नाकाने माग काढणारा, भुंकून ठिकाण सांगणारा आणि डुकराला घेरून धरणारा गावठी कुत्रा उपयोगी पडतो. माळावर ससा उठला की तो दूरवर दिसत राहतो. तिथे डोळ्याने पाहून मुकाट धावणारा, लांब पायांचा, पोट आत गेलेला कुत्रा लागतो. पावसाच्या आकड्यांवरून कुत्र्याची जात ओळखावी, इतका हा संबंध सरळ आहे.

पश्चिमेकडची शिकार ही बहुधा सामुदायिक होती. तिला पारध म्हणत. शिमग्याच्या सुमारास, शेतीची कामे सरलेली असताना, गावातील माणसे कुत्री घेऊन रानात उतरत. काही जण हाकारा करीत जनावर उठवत, काही जण ठरलेल्या वाटांवर जाळी लावून किंवा ठासणीच्या बंदुका घेऊन बसत. या जाळ्याचे जुने नाव वाघूर. धनगर रात्री मेंढरे कोंडण्यासाठी खुंट्यांवर जे जाळे उभे करतात, त्यालाही वाघूरच म्हणतात. जनावर पकडण्याचे आणि जनावर राखण्याचे साधन एकाच शब्दात सामावलेले असावे, ही मला या विषयातली फार बोलकी गोष्ट वाटते, कारण कुत्र्याचेही तेच आहे. शिकाऱ्याचा कुत्रा आणि मेंढपाळाचा कुत्रा यांच्यात भेद आहे तो कामाचा. दोघांकडून अपेक्षा असते ती धन्यापुढे जाऊन जनावराला सामोरे जाण्याची.

हे नाते देवापर्यंत पोहोचलेले आहे. कराड तालुक्यात तारळी नदीकाठच्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते आणि त्या यात्रेला लाखो लोक येतात. खंडोबाच्या मूर्तीजवळ आणि टाकांवर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. शिकारीला निघालेल्या देवाला धनगरांची बाणाई भेटते, ही कथा जागरणात आजही गायली जाते. आणि देवाला वाहिलेला वाघ्या कोटंबा, म्हणजे भिक्षेचे लाकडी पात्र, पुढे करून स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. ज्या समाजात कुत्रा एरवी उंबऱ्याबाहेर ठेवला जातो, त्याच समाजात भक्ताने कुत्रा होणे ही निष्ठेची शपथ ठरते. कृष्णेच्या खोऱ्याहून दूर, आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे सापडलेला दहाव्या शतकाच्या मध्याचा एक शिलालेख काळी नावाच्या कुत्र्याची आठवण नोंदवतो. हा कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला आणि डुक्करही मेले. त्या काळी राष्ट्रकूटांचे राज्य होते आणि आपला मुलूखही त्यांच्याच सत्तेखाली होता. शूर कुत्र्याला दगडावर स्थान देण्याची रीत दख्खनेत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला, अशीच एक समाधी आहे. ती छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची असल्याचे सांगितले जाते. सातारकर त्याला खंड्या म्हणतात. शाहू महाराजांचे बालपण व तारुण्य मोगलांच्या छावणीत कैदेत गेले. १७०७ साली सुटका झाल्यावर त्यांनी साताऱ्यात राज्याभिषेक करवून घेतला आणि १७४९ पर्यंत राज्य केले. मोहिमा पेशव्यांवर सोपवून ते स्वतः बहुतेक काळ साताऱ्यातच राहिले, आणि शिकार, पक्षी, घोडे, कुत्री यांची त्यांना मनापासून आवड होती. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. त्याबद्दल महाराजांनी कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली, त्याला पालखीचा मान दिला, आणि एकदा भर दरबारात त्याला जरीवस्त्रे व दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत दिली आहे.

डफने ती राजाच्या मनःस्थितीतील विक्षेपाचे उदाहरण म्हणून दिली, आणि पुढे अनेकांनी त्याच अंगाने ती उगाळली. मला हा अर्थ अपुरा वाटतो. जीव वाचवणाऱ्याला इनाम देणे, त्याच्या खर्चाची तजवीज लावणे आणि त्याचा मान दरबारात जाहीर करणे हा मराठी राज्यातला रिवाजच होता. शाहू महाराजांनी तो कुत्र्याला लागू केला एवढेच. पगडीचा प्रसंग विचित्र असेलही, पण जहागीर व पालखी यांमागची कृतज्ञता त्या काळाच्या भाषेत पूर्ण समजण्याजोगी आहे. आजच्या वादासाठी या हकिकतीतला आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे: साताऱ्याच्या परिसरात राजा वाघाच्या शिकारीला जाई, म्हणजे तिथे वाघ होते, आणि शिकारीचा कुत्रा ही दरबाराने पोसलेली गोष्ट होती.

पूर्वेकडच्या माळावरचा कुत्रा आला तो दुसऱ्या वाटेने. त्याला आपल्याकडे कारवान किंवा कारवानी म्हणतात, कानांवर आणि शेपटीवर लांब केस असले तर पश्मी म्हणतात, आणि आता सर्रास मुधोळ म्हणतात. मध्य आशिया आणि अरबस्तानातून घोडदळांबरोबर व व्यापारी तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांपासून ही जात झाली, असे मानले जाते. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही जात निगुतीने जोपासली आणि तिची एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेव्हापासून संस्थानाचे नाव कुत्र्याला चिकटले. जत, जमखंडी, सांगली, मिरज ही सगळी संस्थाने एकमेकांना लागून होती. सोयरिकी, बाजार आणि मेंढपाळांच्या वाटा यांतून कुत्र्यांची पिल्ले इकडून तिकडे जात राहिली. जत भागातल्या माणसाला मुधोळ हे परमुलखातले गाव वाटत नाही, आणि कुत्र्याच्या बाबतीत तर ते कधीच वाटले नाही. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींवर तिकिटे काढली त्यात मुधोळ होता, आणि २०१६ साली भारतीय सैन्याने प्रशिक्षणासाठी या जातीची पिल्ले घेतली. या मान्यतेने पिल्लांचे मोल वाढले. परंतु वेगासाठी विलायती ग्रेहाउंडशी संकर करण्याची ओढही वाढली, आणि उन्हात टिकणारा, कमी खाण्यावर राहणारा अस्सल कारवान ओळखणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे.

संस्थानिकांच्या शिकारीचे फोटो राहिले. ज्यांचे पोट शिकारीवर होते त्यांची नोंद पोलिसांच्या दप्तरात राहिली. पारधी हे नावच पारधेवरून आले. फासेपारधी घोड्याच्या शेपटीचे केस वळून फासे करीत, त्यांत तितर-लावे धरीत, ससे पकडीत, आणि धान्याच्या बदल्यात ते गावात देत; पिकाची नासाडी करणारी जनावरे कमी होतात म्हणून शेतकऱ्यालाही ते हवे असत. इंग्रजी अमलात १८७८ या एकाच वर्षी वन अधिनियम आणि शस्त्र अधिनियम असे दोन्ही कायदे आले. राखीव जंगलात शिरणे गुन्हा झाला आणि बंदुकीला परवाना लागू लागला. सामान्य माणसाच्या हाती जाळे, फासा आणि कुत्रा एवढेच राहिले. पारध्यांना तर गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच संशयित ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण माळावर पाल ठोकून राहणाऱ्या पारध्याकडे पाहण्याची गावची नजर अजूनही त्या कायद्यातलीच आहे, हे खेदाने म्हणावे लागते.

१९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि त्यांची राखीव शिकारीची राने सरकारजमा झाली. पुढची दोन-अडीच दशके शिकारीच्या दृष्टीने सर्वांत मोकाट होती. जुना धाक गेला होता, जीपगाडी आणि बॅटरी आली होती, आणि रात्री उजेडात डोळे चमकले की गोळी घालणाऱ्यांनी माळावरचे काळवीट व चिंकारे पार विरळ करून टाकले. या नासाडीत कुत्र्याचा वाटा फार थोडा होता. त्यानंतर आला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या मूळ रूपात लहान शिकारीसाठी परवाना मिळण्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली आणि परवान्याची शिकारच संपली. आज साठीच्या पुढचे काही जण ‘आमच्या वेळी चालत होते’ असे म्हणतात, त्याचे मूळ इथे आहे. शिकार या शब्दाची कायद्यातली व्याख्याही वाचण्यासारखी आहे: मारणे, विष घालणे, पकडणे, फासा लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि कुत्री मागे सोडून पाठलाग करणे, तसेच यांतला कोणताही प्रयत्न, हे सर्व शिकारच होय. ससा निसटला तरी गुन्हा घडलेला असतो. गावातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

मासेमारीशी तुलना केली तर या कायद्याचा भार कोणावर पडला ते अधिक नीट दिसते. नदीत सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी केली होती, पण गळ आणि जाळे यांना हात लावला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे आजही शिराळा-पाटणकडे आवडीने धरले जातात. कोयना, धोम, कण्हेर, वारणा ही धरणे झाल्यावर जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले गेले, मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या, आणि भोई समाजाचे कसब ठेक्याच्या रूपाने का होईना, उद्योग म्हणून मान्य झाले. गंगेच्या खोऱ्यातल्या या माशांनी आणि मागाहून आलेल्या चिलापीने कृष्णेच्या मूळच्या जातींना मागे रेटले, हा त्याचा दुसरा परिणाम. तरी भोयाला परवाना आणि संस्था मिळाली. पारध्याला मात्र पर्याय न देता त्याचा धंदा तेवढा बंद केला गेला. शिकार बंद करणे आवश्यकच होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण बंदीबरोबर जमीन, घर आणि काम देण्याची निकड त्या वेळी वाटली नाही, आणि त्याची किंमत अजून मोजली जात आहे.

पश्चिमेकडे बदल अधिक पक्का झाला. कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ साली जाहीर झाली, चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आतली अनेक गावे उठली, त्यांच्याबरोबर पारधही उठली. रानडुकरे मात्र वाढली, आणि पिके वाचवण्यासाठी किंवा मांसासाठी लावलेले तारेचे फासे व गावठी बाँब आता डुकराइतकेच बिबट्याचे आणि गावच्या कुत्र्याचे जीव घेतात. कराड, वाळवा, शिराळा भागात उसात राहू लागलेल्या बिबट्याला तर दारातला कुत्रा हेच सोपे भक्ष्य झाले आहे.

पूर्वेकडच्या कारवानाला नवे काम मिळाले ते शर्यतीचे. यात्रा-जत्रांत श्वान शर्यती भरतात, कृत्रिम भक्ष्यामागे कुत्री धावतात, जिंकणाऱ्याच्या पिल्लांना मागणी येते. पाळणारे या कुत्र्यांवर जीव लावतात, त्यांना दूध-अंडी घालतात, हे मी पाहिले आहे, आणि या जातीला माळावर टिकवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. यांतल्याच काहींचे पाय शर्यतीनंतर सशाकडे वळतात, तिथे प्रश्न उभा राहतो. माळावर ससा हे लांडग्याचे आणि खोकडाचे अन्न आहे. तो संपला की लांडगा मेंढरांकडे येतो, आणि नुकसान होते ते धनगराचे.

धनगराच्या वाड्यावरचा, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावरचा, कुत्रा मात्र शिकारीच्या कायद्याने बेकार झाला नाही, कारण त्याचे काम राखणीचे होते आणि राखण अजून चालू आहे. त्याच्यापुढचे संकट वेगळे आहे. गावातल्या मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली, त्यांच्याकडून पिसाळ (रेबीज) आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे रोग लांडग्याला, खोकडाला आणि सह्याद्रीतल्या कोळसुनाला, म्हणजे रानकुत्र्याला, होऊ शकतात, आणि पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत आढळून आले आहे. वाड्यावरच्या कुत्र्याला लस टोचणे हा यावरचा साधा उपाय. अडचण वेळेची आहे: दिवाळीनंतर वाडे चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या सुरुवातीला परत येतात. गुरांच्या लसीकरणाचे वेळापत्रक जसे आखले जाते, तसे आषाढ ते अश्विन या चार महिन्यांत माणदेश, आटपाडी आणि जतमध्ये वाड्यावर जाऊनच कुत्र्यांना लस दिली, तरच ती त्यांच्यापर्यंत पोहोचेल.