व्यसनमुक्ती पुनर्वसन, निवासी : सार्वजनिक अर्थसाहाय्य (मुंबई)

मद्य किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस केंद्रात ठेवून वैद्यकीय देखरेखीखाली तिचे व्यसन थांबवणे, समुपदेशन व समूहोपचार करणे आणि तिला कुटुंबात व कामधंद्यात पुन्हा स्थिर करणे, यांसाठी शासनाकडून मिळणारा निधी. मुंबईत तो मुख्यतः केंद्र शासनाच्या अनुदानरूपाने स्वयंसेवी संस्थांना मिळतो. के.ई.एम., नायर, शीव यांसारख्या महापालिका रुग्णालयांच्या मनोविकार विभागांतही व्यसनाधीन रुग्ण दाखल होतात. मात्र तेथील खर्च रुग्णालयाच्या अर्थसंकल्पातून भागतो आणि मुक्काम बहुधा थोड्या दिवसांचा असतो.

या अर्थसाहाय्याचा आरंभ कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ दारूबंदीच्या धोरणात आहे. मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली आणि अबकारी महसुलातील तूट भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसवला. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने या धोरणाला मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान दिले. व्यसनाचा प्रश्न सोडवण्यासाठी करदात्याने भार उचलावा ही कल्पना येथे दिसते, हे खरे. तथापि तो भार बुडालेल्या महसुलाच्या भरपाईचा होता. व्यसनी माणसास ठेवून घेऊन बरे करणे हा त्या धोरणाचा गाभा नव्हता. 1949 च्या कायद्याने तर आरोग्याच्या कारणास्तव मद्यसेवनाच्या परवान्याची तरतूद केली. त्यामुळे हा आरंभ 1985 च्या सुमारास मानणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्या वर्षीच्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कलम 71 ने व्यसनींची ओळख, उपचार व पुनर्वसन यांसाठी केंद्रे स्थापण्याचा अधिकार शासनाला दिला. 2014 च्या दुरुस्तीने अशा केंद्रांना मान्यता देण्याचाही अधिकार त्यात आला. कलम 7क नुसार अमली पदार्थांच्या गैरवापराच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय निधीची तरतूद झाली. केंद्राच्या अंशदानाबरोबर जप्त मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कमही त्यात जमा होते. कलम 64क ची बाब तांत्रिक असली तरी महत्त्वाची आहे : अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यातील व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळते, पण उपचाराची संस्था शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने चालवलेली वा मान्यता दिलेली असावी लागते. मान्यतेचा प्रश्न म्हणूनच केवळ अनुदानापुरता राहत नाही.

प्रत्यक्ष अनुदान योजना 1985-86 पासूनची असून ती वेळोवेळी सुधारण्यात आली. सध्या ती सामाजिक न्याय मंत्रालयाच्या, अमली पदार्थांची मागणी कमी करण्यासाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात समाविष्ट आहे. या योजनेखालील निवासी केंद्रास एकात्मिक व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्र म्हणतात. सर्वसाधारण राज्यांत मंजूर खर्चाच्या सुमारे 90 टक्के रक्कम केंद्र शासन देते आणि उरलेली संस्थेने उभी करावयाची असते. अनुदान खाटांची संख्या व मंजूर पदे (समुपदेशक, परिचारिका, अर्धवेळ डॉक्टर इ.) यांवर ठरते. प्रस्ताव राज्याच्या शिफारशीने पुढे जातो आणि आधीच्या रकमेचे विनियोग प्रमाणपत्र (ती ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला) पुढील हप्त्यासाठी आवश्यक असते. मंजूर खर्च म्हणजे प्रत्यक्ष खर्च नव्हे. मुंबईसारख्या शहरात निवासी जागेच्या भाड्यामुळे हा फरक विशेष जाणवतो.

शासन या क्षेत्रात उतरण्यापूर्वी येथे सेवाभावी काम सुरू झाले होते. फादर जो परेरा यांचे कृपा फाउंडेशन 1981 मध्ये वांद्र्यात स्थापन झाले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रालाही (1986) आरंभी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. केंद्रे स्वतः न चालवता संस्थांना पैसा पुरवण्याची पद्धत रूढ होण्यामागे ही पूर्वपीठिका असावी. याउलट अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यपींची परस्परसाहाय्य संघटना आपल्या परंपरेनुसार बाहेरची देणगी किंवा अनुदान स्वीकारत नाही. तिच्या सभा निवासी केंद्रांत भरतात, परंतु तिचा हिशेब स्वतंत्र असतो.

राज्य शासनाने 2011 मध्ये व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. मद्यावरील उत्पादन शुल्क मात्र राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे सर्व महसुलाच्या सामायिक तिजोरीत, जमा होते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही विम्याची सोय करावी, असे बंधन घातले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 38 व्यक्तींपैकी एकीला कोणता तरी उपचार मिळतो, तर दाखल होऊन घ्यावयाचा उपचार सुमारे 180 पैकी एकीलाच. हे आकडे देशाचे आहेत, मुंबईचे नव्हेत.