चारमिनारच्या कमानीतलं अक्षर आणि ग्रुपवरचं भांडण

मराठवाड्यातल्या जुन्या घरात देवघरातला डबा किंवा आजीचा बटवा उघडला की हाली सिक्का हमखास निघतो. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं आणि सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजी राजवटीतले रुपये) असा हिशेब चालायचा. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, तरी हाली पैसा १९५९ पर्यंत चालत राहिला. म्हणूनच नांदेड, परभणी, बीड, लातूर कुठेही जा, नाणी जमवणारी माणसं भेटतात. निवृत्त गुरुजी, सराफ, शेतकरी, कॉलेजातली पोरं. आता ही सगळी मंडळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकत्र येतात.

तिथली चर्चा रंगते ती अशा प्रश्नांवर. विसाव्या शतकातल्या निजामी नाण्यावर चारमिनार असतो आणि त्याच्या मधल्या कमानीत उर्दू लिपीतलं एक अक्षर असतं. ते ‘मीम’ असेल तर नाणं सहाव्या निजामाचं, महबूब अली खानांचं. ‘ऐन’ असेल तर सातव्याचं, उस्मान अली खानांचं. हातोहाती फिरून झिजलेल्या पावलीवर ते अक्षर ओळखायचं तर नाणं खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरावं लागतं, भिंग लावावं लागतं, आणि शेवटी ज्याच्या हाताखालून अशी पुष्कळ नाणी गेलीत अशा माणसाला विचारावं लागतं. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि माणसांत जास्त आहे, म्हणून हे ग्रुप मला मोलाचे वाटतात.

पण दुपारी पावलीचा फोटो पडतो आणि रात्रीपर्यंत चर्चा रझाकारांवर, पोलीस ॲक्शनवर, शहराच्या नावावर आणि शेवटी कुणाच्या तरी आडनावावर येते. दुसऱ्या दिवशी दोन जण ‘लेफ्ट’ झालेले असतात, आणि अक्षर ओळखणारा माणूस बहुधा त्यांच्यातच असतो. त्या काळाच्या आठवणी खोट्या नाहीत. इथल्या कित्येक घरांनी ते दिवस सोसलेत, त्यावर बोललंही पाहिजे. मात्र पावलीच्या फोटोखाली ते बोलणं सुरू झालं की ना नाण्याला न्याय मिळतो, ना त्या आठवणींना. ‘माणसंच तसली’ म्हणून आपण विषय संपवतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन मात्र वेगळं सांगतं: भांडणात स्वभावाचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असतो आणि बोलण्याच्या मांडणीचा बराच जास्त. मांडणी बदलणं आपल्या हातात असतं.

आधी सूर घ्या. अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं मनापासून म्हणायची, काही टोमण्यानं. एकदा आवाजातून, एकदा लेखी ईमेलनं. समोरच्याला आपला रोख किती वेळा कळेल असं पाठवणाऱ्यांना विचारलं, तर दोन्हीकडे अंदाज जवळपास ७८ टक्के होता. आवाजातून पाठवलं तेव्हा तो अंदाज बऱ्यापैकी खरा ठरला. लेखी निरोपात मात्र रोख कळला तो फक्त ५६ टक्के वेळा. अंदाजपंचे उत्तर दिलं तरी निम्मी बरोबर येतात, म्हणजे लिहिलेल्या शब्दांतून सूर जवळजवळ पोचलाच नव्हता. लिहिताना आपल्या कानात आपला आवाज वाजत असतो आणि तो वाचणाऱ्यालाही ऐकू येतोय असं आपण धरून चालतो.

आता हे आपल्याकडे लावून बघा. एक नवा मेंबर रुपयाचा फोटो टाकतो. त्यावरचे आकडे त्यानं शेजारच्या चाचांकडून वाचून घेतलेत: १३३७. तो लिहितो, ‘सातशे वर्षांपूर्वीचं नाणं, किती येतील ह्याचे?’ ते साल हिजरी असतं. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, आणि १३३७ हिजरी सुरू झालं ते ऑक्टोबर १९१८ मध्ये. म्हणजे नाणं शंभर वर्षांच्या आसपासचं. चूक अगदी साहजिक आहे, नाणी जमवणारा प्रत्येक जण कधी ना कधी ह्या दारातून आत आलाय. ग्रुपवर उत्तर येतं, ‘वा सर, मोठा शोध लावलात!’ लिहिणाऱ्यानं ते थट्टेनं, आपुलकीनंही लिहिलं असेल. पारावर पाठीवर थाप मारून तो हेच म्हणाला असता तर दोघं हसले असते. फोनवर थाप पोचत नाही. तो नवा माणूस पुन्हा कधी तोंड उघडत नाही, आणि त्याच्या वाड्यात असलेली बाकीची नाणीही कुणाला दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट पहिल्या उत्तराची. जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये साडेसहाशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. काहींना आधी सोपी प्रश्नमंजूषा दिली, काहींना मुद्दाम अवघड देऊन वैताग आणला. मग सगळ्यांना एका लेखावर मत लिहायला सांगितलं. काहींना तिथे आधीच पडलेली मतं साधी दिसली, काहींना खवचट. मन शांत आणि आधीची मतं साधी, तेव्हाही ३५ टक्के लोकांनी काही ना काही वाकडं लिहिलं. वैताग आणि खवचट मतं दोन्ही जुळून आल्यावर हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. ह्या लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुठल्याही गटात घातलेलं होतं, तेव्हा एका गटात सगळे भांडखोर जमले असं म्हणायला जागा नाही. खऱ्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया तपासल्यावर त्याच संशोधकांना असंही दिसलं की रात्री उशिरा हे प्रमाण वाढतं.

मे महिना आठवा. दिवसभर बेचाळीस डिग्रीत फिरून आलेला माणूस, लाइट गेलेली, टँकर आलेला नाही, आणि हातात फोन. त्याला पहिलाच मेसेज टोचणारा दिसला तर तो काय लिहील? माझं स्पष्ट मत आहे की ग्रुप सांभाळणाऱ्यांनी सगळी ताकद पहिल्या दोन-तीन उत्तरांवर लावावी. जाणकार मंडळींनी आपसात ठरवून घ्यावं की फोटो पडला की कुणीतरी लगेच साधं, नेमकं लिहायचं: ‘दादा, तारीख हिजरी आहे, साधारण १९१८-१९. कमानीचा जवळून फोटो टाका.’ पुढचे दहा जण त्याच वळणानं लिहितात.

विषय भरकटण्याचं एक कारण तर निव्वळ संख्येचं आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन डनबर ह्यांचं नाव दीडशे ह्या आकड्याशी जोडलं जातं. माणूस साधारण तेवढीच नाती खऱ्या अर्थानं सांभाळू शकतो, असं त्यांचं म्हणणं. ग्रुपसाठी मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त कामाचं वाटतं. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गप्पांचा फड आपोआप जमतो तेव्हा एका संभाषणात सहसा चारच माणसं टिकतात. पाचवा-सहावा आला की त्याचे दोन फड होतात. लग्नाच्या मांडवात हे डोळ्यांनी दिसतं. व्हॉट्सॲपनं २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ वर नेली. एवढ्या माणसांना फड मोडून बाजूला बसायची सोयच नाही, सगळी संभाषणं एकाच रांगेत एकमेकांत घुसतात. कमानीबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. त्यावर उपाय सोपा आहे: उत्तर देताना मूळ मेसेज ओढून त्याला जोडूनच द्यायचं, आणि गप्पांसाठी वेगळी चावडी काढून द्यायची. चावडीवर राजकारण, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव सगळं चालू द्यावं. ‘इथे नको’ म्हणायचं तर ‘तिथे बोला’ म्हणायला जागा हवी.

राजकारणच पुढे का सरकतं, ह्याचंही एक उत्तर मिळालंय. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ट्विटरवरचे पाच लाखांहून अधिक संदेश तपासले. वादग्रस्त विषयांवर लिहिताना नीती आणि भावना दोन्ही पेटवणारा एकेक शब्द वाढला की संदेश पुढे पाठवला जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं, तेही बहुतेक आपापल्या गोटातच. ‘कड’, ‘वजन’, ‘छाप’ ह्या शब्दांत ते इंधन नाही. ‘गद्दार’ शब्दात ते ठासून भरलंय.

आता एलिनॉर ऑस्ट्रॉम. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या ह्या पहिल्या स्त्री. २००९ मध्ये तो सन्मान मिळाला. सामायिक साधनं लोक वापरून वापरून संपवतातच, त्यांना एकतर सरकारनं ताब्यात घ्यावं नाहीतर खासगी मालकाला द्यावं, असा समज तेव्हा पक्का होता. ऑस्ट्रॉमबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं भूजल, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे कालवे, फिलिपिन्स आणि नेपाळमधल्या शेतकऱ्यांची पाणीव्यवस्था असं खूप काही पाहिलं. लोक स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या पाणी टिकवतात हे त्यांनी दाखवून दिलं. मराठवाड्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. भाऊबंदांत सामायिक विहीर असते, पाळी ठरलेली असते, आणि ज्या विहिरीवर पाळी नीट चालते तिथे उन्हाळा निभावतो. ग्रुपवर सामायिक असतं ते लोकांचं लक्ष. ते उपसलं तसं आटतं. दिवसाला दोनशे मेसेज पडले की जाणकार माणूस आधी ग्रुप म्यूट करतो आणि मग बघणंच सोडतो.

ऑस्ट्रॉमबाईंनी टिकलेल्या व्यवस्थांमधून आठ तत्त्वं काढली. त्यातली तीन ग्रुपला थेट लागू पडतात. हक्कदार कोण ते स्पष्ट हवं. नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले हवेत. आणि शिक्षा पायरीपायरीनं वाढणारी हवी. तिसऱ्या तत्त्वाशी मी अडून बसतो, कारण आपल्याकडे ॲडमिन एकतर महिनोन्‌महिने गप्प असतो, नाहीतर एका रात्रीत चौघांना काढून टाकतो. ऑस्ट्रॉमबाईंना दिसलेल्या व्यवस्थांत पहिल्या चुकीला दंड नाममात्र असे. पाळी मोडणाऱ्याला एवढंच कळायचं की आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, आणि बाकीच्यांनाही कळायचं की आपण एकटेच नियम पाळणारे वेडे नाही. ग्रुपवर पहिली पायरी म्हणजे खासगीत एक फोन. फोन म्हणतोय, मेसेज नाही. सुराचं वर आलंच आहे. दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर, नावानं पण नम्रपणे. काढणं अगदी शेवटी, आणि काढताना परत यायची मुदत सांगून.

नियम लिहून ठेवले तर लोक बुजतील अशी भीती पुष्कळांना वाटते. जे. नेथन मटायस ह्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या भीतीला छेद देतो. रेडिट ह्या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या लाखो लोकांच्या विज्ञानगटात २,१९० चर्चांपैकी काहींच्या माथ्यावर नियम लावले, काहींच्या नाही. नियम दिसत होते तिथे नवख्यांचं नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्के-बिंदूंहून जास्त वाढलं. आणि बोलणाऱ्या नवख्यांची संख्या सरासरी ७० टक्क्यांनी वाढली. मला ह्यातला दुसरा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. इथे कसं वागतात हे आधी कळलं की लाजरा माणूसही तोंड उघडतो.

नाण्यांच्या ग्रुपसाठी मी नियम असे लिहीन. दोन्ही बाजूंचे फोटो, दिवसाच्या उजेडात. वजन ग्रॅममध्ये. नाणं चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, जुना रंग गेला की परत येत नाही. किमतीचा प्रश्न इथे नको. ह्या शेवटच्या नियमामागे कारण आहे. ट्रॅक्टरवाल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात असल्या जाहिराती फिरतात आणि लोक ‘नोंदणी फी’ भरून फसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कुठलीही फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. शेतात नांगराला लागलेल्या नाण्यांचं प्रकरण त्याहून नाजूक आहे. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पैठण-तेरच्या आसपासच्या गावांत सातवाहनांची शिशाची नाणी निघतात, तिथे हा नियम पहिल्या ओळीत हवा. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आणि पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालय उभं राहिलं ते एकेका माणसानं छंदानं जमवलेल्या वस्तूंवर. आज ती दोन्ही सरकारी संग्रहालयं आहेत.

ॲडमिन होणाऱ्यांना पोलिसांची धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं की मेंबरनं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कायद्याचं ओझं तेवढं हलकं झालं. मजकूर कसा काढायचा हा प्रश्न उरतो. शगुन झावर, एमी ब्रुकमन आणि एरिक गिल्बर्ट ह्यांनी २०१९ मध्ये रेडिटवरच्या लाखो काढलेल्या पोस्ट अभ्यासल्या. पोस्ट का काढली हे ज्यांना सांगितलं गेलं, त्यांची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी झाली होती. नुसतं ‘हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला’ वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि तो मनात गाठ बांधून बसतो. सतरा सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, रात्री असा मेसेज काढायची वेळ आली तर खासगीत एवढं लिहिता येतं: ‘काका, तुमच्या वडिलांची आठवण चावडीवर जरूर लिहा, सगळ्यांनी वाचावी अशी आहे. इथे उत्तरात एका मेंबरच्या धर्मावर वाक्य होतं म्हणून पोस्ट काढली. रुपयाचा फोटो तेवढा परत टाका, त्याचं साल वाचायचं राहिलंय.’